भरलेली खाली, रिकामी वर

शहाऐंशीच्या जूनमध्ये लिंबसांगवीच्या हायस्कुलाला विज्ञानाचे नवे सर मिळाले, महालिंगप्पा सर. पाऊस आला नव्हता, तेवढे सर आले. गावाला वाटलं, हा माणूस दिवाळीच्या आत बदली करून घेतो. भूमची एस.टी. फाट्यावर सोडायची, तिथून फुफाटा तुडवत शाळेत यायचं, आणि शाळेत प्रयोगशाळा म्हणून काय, तर एक कुलूपबंद कपाट. त्यात दोन फुटक्या परीक्षानळ्या आणि स्पिरिटात बुडवलेला एक विंचू. सर उमरग्याकडचे, घरात कानडी बोलणारे. 'ती दगड', 'ते चिमणी' असं काहीबाही त्यांच्या तोंडून निघालं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची.

पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी दहावीच्या वर्गाला पुस्तकं मिटायला लावली आणि शाळेमागच्या टेकडावर नेऊन उभं केलं.

"पळा खाली!"

पोरं आरोळ्या ठोकत सुटली. पोरी परकर सावरत तिथंच उभ्या.

"तुमाला वेगळं आवतन पाहिजे का? पळा की!"

धुरपदानं शेजारच्या मथुरेचा हात धरला आणि दोघी पळाल्या. अर्ध्या उतारापर्यंत मजा वाटली. मग पाय आपले राहिलेच नाहीत. खालच्या बाभळीच्या झुडपात जाऊन दोघी आदळल्या. मथुरेच्या पोलक्याची बाही फाटली, धुरपदाचा गुडघा सोलवटला, आणि दोघींना हसू आवरेना.

सर सावकाश उतरत आले. "पाय कुणाचे?"

"आमचेच, सर."

"मग थांबला का न्हाय?"

धुरपदा गुडघा झाडत म्हणाली, "सर, दर पावलाला येग वाढतच गेला. थांबावं म्हणलं तवर पुढचं पाऊल पडलेलं असायचं."

सरांचा चेहरा उजळला. एवढ्या लांबून ते जणू हे एक वाक्य ऐकायलाच आले होते. "वेग असणं एक, आणि वेग वाढत राहणं दुसरं. त्या दुसऱ्याला त्वरण म्हणतात. पुस्तकात उद्या वाचू. आज गुडघ्याला कळलं, तेवढं पुरे."

धुरपदा राहायची गावाच्या डोक्यावर, डोंगरसपाटीच्या वरल्या वस्तीत. बौद्धांची घरं होती ती. गायरानाची जमीन कसायची आणि म्हशी पाळायच्या, यावर वस्ती जगत होती. तिचे वडील कोंडीराम परंड्याकडं रस्त्याच्या गँगवर नोकरीला, शनिवारी रात्रीच घरी यायचे. म्हशींचं सगळं आई, भिमाबाई, बघायची. पूर्वी वस्तीवर दुधाचा खवा आटवून भूमच्या बाजारात न्यायची रीत होती. पण दुष्काळात भट्टीला जळण मिळेना, म्हणून वस्तीनं दूध सहकारी संस्थेला घालायला सुरुवात केली. संस्थेची गाडी डोंगराखालच्या सडकेला सकाळी यायची आणि कुणासाठी म्हणून थांबायची नाही. भिमाबाई आणि वस्तीतल्या बाया कॅन डोक्यावर घेऊन दगडगोट्यांचा उतार उतरायच्या. पाय घसरला की दूध मातीत. गाडी चुकली की दूध नासलं.

मथुरा गावातली, आबाराव पाटलांची धाकटी. आबाराव संस्थेचे चेअरमन. संस्था काढताना गावातल्या काही जणांनी कुरकूर केली होती की वरल्या वस्तीचं दूध आमच्या दुधात कशाला. तेव्हा आबाराव भर बैठकीत म्हणाले होते, "म्हशीला जात कळत असंल तर तिला इचारा, मला कशाला इचारता?" वस्तीचं दूध संस्थेत यायला लागलं. पण त्याच आबारावांच्या घरात धुरपदा ओसरीच्या आत कधी गेली नव्हती, हेही खरं. मथुरा मात्र वस्तीवर यायची, भिमाबाईच्या चुलीपुढं बसून भाकरी खायची आणि घरी जाऊन काही सांगायची नाही.

दोघी एका बाकावर बसत. धुरपदाचं डोकं गणितात. मथुरेचा हात रेषेत. सरांनी जेव्हा एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूनं कशी काढायची ते शिकवलं, तेव्हा मथुरेला वेडच लागलं. ताकाची रवी, जातं, सरांची चप्पल, जे दिसेल ते ती तीन अंगांनी काढायची. एकदा तिनं वरून दिसणारी म्हैस काढली. वर्ग हसून लोळला. सरांनी तो कागद हातात घेऊन निरखला आणि गंभीरपणे म्हणाले, "शिंगं बराबर आहेत. पाठ जरा रुंद पाहिजे."

गणपतीच्या सुट्टीआधी सरांनी काम दिलं. "आपापल्या घरातलं एक ओझं निवडा. डोक्यावरचं, पाठीवरचं, कमरेवरचं, कसलंही. ते हलकं करायची युक्ती काढा. नुसतं बोलायचं न्हाय. मोजायचं, काढायचं, करून बघायचं, मोडलं तर परत करायचं."

घरी जाताना मथुरा म्हणाली, "आमच्या घरात ओझं गडीमाणसं उचलत्यात. तुझ्या घरचं घेऊ."

असं त्यांनी दुधाचं कॅन घेतलं.

पहिली युक्ती सोपी होती. वरून खाली तार ओढायची, तिला कप्पीनं कॅन अडकवायचं, सोडून द्यायचं. शाळेच्या व्हरांड्यापासून मैदानातल्या लिंबापर्यंत त्यांनी बारीक तार ताणली, पावडरच्या डब्यात वाळू भरली आणि सोडला. डबा सुरुवातीला लाजत लाजत निघाला आणि शेवटाला असा सुसाट गेला की लिंबावर आदळून फुटला. सगळी वाळू सरांच्या तोंडावर.

सरांनी डोळे पुसले. "हे दूध असतं तर?"

"तुमची आंघोळ झाली असती, सर," मागून कुणी तरी म्हणालं.

सर हसले, पण दोघींना सोडलं नाही. डबा किती वेगानं जातो, मोजा म्हणाले. सेकंदाचं घड्याळ कुणाकडं नव्हतं. मग दोरीला दगड बांधून फांदीला टांगला, त्याचे झोके मोजायचे. एका झोक्यात डबा कुठवर, दुसऱ्यात कुठवर, तिसऱ्यात कुठवर, तिथं तिथं मथुरा जमिनीवर चुन्यानं रेघ मारायची. रेघांमधलं अंतर वाढत जायचं. ते वाढणंही एका हिशेबानं होत होतं. धुरपदानं तो हिशेब पहिल्यांदा ओळखला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. माणसाचं काही सांगता येत नाही, पावसाचं तर नाहीच. पण हा डबा मात्र आज, उद्या, कधीही सोडा, याच रेघांवरून जाणार होता.

तरी कॅन आपटण्याचं काय करायचं ते सुचेना. दोघी आठवडाभर त्यातच होत्या. एका सकाळी भिमाबाई रिकामं कॅन घेऊन चढ चढून आली, दारात टेकली आणि म्हणाली, "उतरताना दूध सांडायचं भ्या, आन् चढताना रिकामं भांडं बी छातीवर बसतंय. भरलेलं परवडलं बाई, निदान खाली तरी वढतंय."

धुरपदा म्हशीला पेंड घालत होती. हातातलं घमेलं तसंच टाकून ती उतारानं गावात पळाली. आबारावांच्या अंगणात उभी राहून तिनं हाक मारली, "मथे! भरलेलं खाली वढतंय, तर रिकाम्याला वर वढू दे की!"

मथुरा केस विंचरता विंचरता बाहेर आली. तिला कळायला वेळ लागला नाही. दोन तारा शेजारी शेजारी, वर एक मोठं चाक, त्यावरून दोर, दोराच्या दोन टोकांना दोन कॅनं. भरलेलं खाली येताना रिकामं आपोआप वर जाईल. आणि दोघांची ओढ एकमेकांविरुद्ध असल्यानं वेग बेफाम वाढणार नाही. फरकाचीच काय ती ओढ.

"तरी बी वाढंलच," धुरपदा म्हणाली. "कमी वाढंल, पण वाढंल. थांबवायचं कशानं?"

मथुरेनं अंगणाच्या कोपऱ्याकडं नुसतं बोट केलं. तिथं गडी दावं खुंट्याला दोन वेढे देऊन एका मारक्या खोंडाला आवरत होता. खोंड सगळ्या जोरानं ओढत होता, आणि गडी दाव्याचं शेपूट एका हातात धरून दुसऱ्या हातानं तंबाखू मळत होता.

शाळेतलं खेळणं महिनाभरात चालू झालं. सायकलची जुनी रिम, दोन डबे आणि एक लाकडी खुंटा. लहान पोरं पाहायला गोळा व्हायची. सरांनी आबारावांना बोलावून दाखवलं. आबारावांनी डबा स्वतः चार वेळा सोडला, दोराचा वेढा कमी-जास्त करून पाहिला, आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सर, हे खरं करायला काय काय लागंल?"

लागलं ते कुठून कुठून जमलं. ऊस उतरवायची जुनी पोलादी तार सरांनी ओळखीवर एका साखर कारखान्याच्या भंगारातून मिळवली. संस्थेनं खांब दिले. खड्डे वस्तीतल्या माणसांनी खणले. कोंडीराम दर रविवारी खांब ओळंब्यात आहेत का बघायचे. आणि खरा आराखडा, मोठ्या कागदावर, समोरून, वरून, बाजूनं, मथुरेनं काढला. त्यात चाक होतं, खुंटा होता, खुंट्यावर भरलेल्या कॅनला मागून बांधायच्या दोराचे तीन वेढे होते. कागदाच्या कोपऱ्यात तिनं एक बारकी म्हैसही काढली होती, वरून.

त्या दिवसांत धुरपदाला रात्री झोप लागायच्या आधी पुढचं सगळं दिसायचं. दहावी. मग दोघी सोलापूरला. तंत्रनिकेतनात पोरींना घेतात, असं सर म्हणाले होते. एक खोली, दोन खाटा, मधे ड्रॉइंगचा फळा. हिशेब हिचा, रेषा तिची. अजून कोणत्या डोंगराला काय लावायचं, हेही ठरून गेलं होतं.

पौषात मथुरा दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिनं बाकावर बसता बसताच सांगितलं, "माकणीचं स्थळ आलंय."

"मग?"

"मग काय. ठरलंय."

माकणीला तेरणा नदीवर धरण होत होतं. नवऱ्याकडची जमीन उद्या ओलिताखाली येणार होती. आबारावांनी आयुष्यभर कोरड्या विहिरी पाहिल्या होत्या. थोरलीला दिली तिथं तर प्यायला टँकर होता. धाकटीला पाण्यापाशी द्यायची, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता, आणि त्यात वाईट काही होतं असं कुणालाही म्हणता आलं नसतं.

महालिंगप्पा सर आबारावांच्या ओसरीवर जाऊन बसले. धुरपदा अंगणात उभी होती. सर नेहमीपेक्षा हळू बोलत होते. "दोन महिन्यावर परीक्षा आहे. पोरीचं हात सोन्याचं आहे, पाटील."

"म्हणूनच चांगल्या घरी द्यायलोय, सर," आबाराव म्हणाले. "परीक्षेला पाठवतो म्हणलेत ती माणसं. शब्द दिलाय."

मथुरा दारामागं उभी होती. धुरपदानं तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं, ही आता पुढं येईल, बोलेल. वर्गात हसू आलं की बाक वाजवणारी मथुरा. पण ती दाराच्या कडीवरून बोट फिरवत राहिली, आणि आतून आईनं हाक मारली तशी गेली.

माघात लग्न झालं. दुष्काळाचं लग्न, थोडक्यात उरकलेलं. धुरपदा भिमाबाईसोबत मांडवाच्या कडेला बसली होती. निघताना मथुरा तिच्यापाशी आली, मुंडावळ्या बाजूला करून म्हणाली, "पहिलं कॅन सोडताना मला बोलव. कसं बी करून येते."

तार चढली ती त्यानंतर पंधरवड्यानं. आबारावांनी माकणीला निरोप धाडला. उत्तर आलं की घरात सासूबाईंना बरं नाही, सुनेला आत्ता सोडता येत नाही.

त्या सकाळी सगळी वस्ती वर जमली होती, गाव खाली सडकेला. आबारावांनी नारळ आणला होता. सर म्हणाले, "नारळ नंतर. आधी दगड." कॅनमध्ये दगड भरले. खुंट्यापाशी दोराचं टोक धरायला धुरपदा. तिनं इशारा केला, कॅन निघालं, आणि खालून रिकामं कॅन डुलत डुलत वर यायला लागलं. लोकांनी गलका केला. पण अर्ध्यावर आल्यावर दोर तिच्या हातातून सरकायला लागला. तिनं घट्ट धरला तसा तळव्याला चटका बसला. खुंट्यावरून धूर निघाला. दोन पुरुष धावून आले, तिघांनी ओढून धरला, तेव्हा कुठं कॅन खालच्या खांबाच्या हातभर अलीकडं थांबलं.

"वेढे किती दिलेत?" सर ओरडले.

धुरपदानं पाहिलं. दोन होते. दोर पुरवायला म्हणून कुणीतरी एक कमी केला होता.

"तीन पायजेत!" तिचा आवाज फुटला. "मथीनं तीन काढलेत. तिनं काढलंय तसंच करा!"

तिसरा वेढा दिला. पुन्हा दगड सोडले. या वेळी दोर तिच्या हातात मांजरासारखा शांत होता. ती बोटांनी ढिला सोडायची, कॅन जायचं. जरा आवळायची, थांबायचं. मग दूध सोडलं. खाली भिमाबाई उभी होती. कॅन तिच्यापुढं येऊन अलगद टेकलं. तिनं झाकण उघडून आत पाहिलं, वर मान करून हात हलवला आणि डोक्यावरची चुंबळ सोडून तिनं तोंड पुसलं. थेंब सांडला नव्हता.

लोक धुरपदाभोवती जमले. सरांनी कानडीत काहीतरी म्हटलं, ते कुणालाच कळलं नाही, पण त्यांचे डोळे भरले होते. धुरपदा सगळ्यांना हो हो म्हणत होती आणि परत परत शेजारी पाहत होती. हसू आलं की ज्या बाजूला वळायची सवय होती, ती बाजू रिकामी होती.

आबाराव वर चढून आले. धापा टाकत त्यांनी खुंट्यावरच्या वेढ्यांना हात लावला. बोटानं तिन्ही वेढे मोजले. मग म्हणाले, "धुरपदा, ऊन झालंय. चल, घरी चल. च्या घे." त्या दिवशी ती त्यांच्या ओसरीच्या आत गेली. मथुरेच्या आईनं कपबशी पुढं केली. घरात सगळीकडं मथुरा होती आणि कुठंच नव्हती.

परीक्षेलाही मथुरा आली नाही. आबाराव स्वतः आणायला गेले होते, एकटेच परत आले. धुरपदाच्या मागच्या बाकावर मथुरेचा नंबर टाकलेला होता. गणिताच्या पेपराला धुरपदानं एकदा मागं वळून पाहिलं, पर्यवेक्षकांनी दटावलं.

ती पास झाली, चांगली पास झाली, आणि सोलापूरला गेली. मेकॅनिकलच्या वर्गात पोरी दोनच. पहिल्या दिवशी ड्रॉइंग हॉल पाहून ती दारातच थांबली. रांगेनं मोठे फळे, त्यावर टी-स्क्वेअर, वरून पडणारा उजेड. तिला वाटलं, हे सगळं भलत्याच माणसाला मिळालंय. तिच्या रेषा कधी जाड व्हायच्या, कधी कोपऱ्यावर चुकायच्या. तिथले सर शेरा मारायचे, तेव्हा तिला वाईट वाटायचं नाही. तिला फक्त शेजारचं कुणीतरी हवं असायचं, जे पेन्सिल ओढून घेऊन म्हणेल, सरक जरा.

पहिलं वर्ष संपून ती वस्तीवर आली, तर तार नव्हती. रोजगार हमीतून वस्तीपर्यंत रस्ता झाला होता. दुधाची गाडी थेट दारात येत होती. खांब कुणी गोठ्याला नेले होते.

"बरं झालं की बाई," भिमाबाई म्हणाली. "गाडीच वर येती. आता कशाला ती तार?" मग लेकीचं तोंड पाहून तिनं तिला जवळ बसवलं. म्हणाली, "तुमी केलं म्हणून तर सायबांनी रस्ता मंजूर केला. लोकं म्हणली, पोरी एवढं करत्यात, सरकार काय करतंय."

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत धुरपदा माकणीला गेली. लोहाऱ्यापर्यंत एक गाडी, पुढं दुसरी. सगळ्या वाटेनं ती मनात बोलत होती. पहिलं कॅन, तिसरा वेढा, सोलापूर, फळे. आणि तार काढली हे सांगायचं की नाही, ते तिचं ठरेना.

घर बरं होतं. नवरा, बलभीम, रानात गेला होता. सासूनं विचारलं, "कोन म्हणायच्या तुमी?" मथुरा चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "माझी जोडीदारीन हाय, आत्याबाई." सासूनं नाव विचारलं, गाव विचारलं, वस्ती विचारली, आणि वस्ती ऐकून जरा थांबली. मथुरेनं तोवर चहा दोन सारख्या पितळ्यांत ओतला होता. एक धुरपदाला दिली, एक स्वतः घेऊन तिच्याजवळ, जमिनीवर, मांडीला मांडी लावून बसली. सासू उठून बाहेर गेली.

मथुरा वाळली होती. कडेवर दहा महिन्यांची पोरगी. दोघी सुरुवातीला लेकराचंच बोलल्या. पोरीचं नाव, दात, रात्रीचं रडणं. मग मथुरेनं एकदम विचारलं, "चालतंय का अजून?"

धुरपदाच्या ओठावर 'चालतंय' आलं होतं. मथुरेच्या डोळ्यांत ती तार इतके दिवस तशीच ताणलेली होती, हे तिला दिसत होतं. पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"काढलं, मथे. वस्तीला रस्ता झाला."

मथुरा पोरीच्या पाठीवर थापटत राहिली. "तुझ्या आईला आता उतरायला लागत न्हाय?"

"न्हाय."

"मग झालं की." ती हसली. "म्या रोज सकाळी मनात सोडायची गं. भांडी घासताना. एक खाली, एक वर."

धुरपदानं तिचा हात हातात घेतला. हात खरखरीत झाला होता.

दुपार कलल्यावर मथुरा म्हणाली, "चल, तुला धरण दाखवते." सासूला सांगून दोघी निघाल्या. धरणाचं काम अजून चालूच होतं, पाणी पुरतं अडलं नव्हतं. भिंतीपाशी येताच मथुरेची चाल बदलली. "पाणी बघायला न्हाय येत म्या," ती म्हणाली. "ते दरवाजे बघायला येते. एवढालं लोखंड वर उचलत्यात कसं, ते खालून कळत न्हाय. वर जाऊ देत न्हाईत. तू कालेजातली हाईस. इचार की."

तिथं एक ओव्हरसिअर होते. धुरपदानं आपण सोलापूरला मेकॅनिकलला असल्याचं सांगितलं. ते आधी का-कू करत होते, मग म्हणाले, "या, पण कठड्याला धरून. आणि बाई, लेकराला सांभाळा."

वर यंत्र होतं. दातेरी चाकं, मोठ्याला लहान चाक भिडलेलं, त्याला आणखी लहान. मोटार अजून जोडायची होती. तोवर हातानं फिरवायचा दांडा लावलेला होता. ओव्हरसिअर सांगू लागले, पण मथुरेचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. ती वाकून पाहत होती, आडवी होऊन पाहत होती, मग दोन पावलं मागं जाऊन वरून पाहत होती.

"साहेब," तिनं विचारलं, "दांड्याचा एक फेरा मारला तर दरवाजा किती उचलतो?"

"अगदी नावापुरता. एकटा माणूस उचलतो म्हटल्यावर फेरे मारावेच लागतात."

"म्हंजे जोर वाचतो, त्याच्या बदल्यात फेरे द्यायचे."

"बरोबर." त्यांनी कौतुकानं तिच्याकडं पाहिलं. "तुम्हीपण कॉलेजला का?"

मथुरेनं दांड्याकडं बोट केलं. "म्या फिरवून बघू का?"

ओव्हरसिअरनी खाली नजर टाकली, कामगार दूर होते. "चार फेरे. जास्त नको."

मथुरेनं पोरगी धुरपदाकडं दिली, पदर खोचला आणि दांड्याला हात घातला. दांडा जड होता. पहिला फेरा तिनं अंगाचा सगळा भार टाकून मारला, दुसरा सोपा गेला. चाकं कुरकुरत हलायला लागली. लहान चाक भराभर फिरत होतं, त्याच्या पुढचं सावकाश, आणि शेवटचं मोठं चाक फिरतंय की नाही ते कळतसुद्धा नव्हतं. मथुरेच्या कपाळावर घाम आला. तोंड लालबुंद झालं होतं. शाळेच्या उतारावरून पळताना जसं तिचं तोंड दिसायचं, तसं आत्ता दिसत होतं.

"हललं का?" तिनं धापा टाकत विचारलं.

धुरपदानं कठड्यावरून वाकून दरवाजाकडं पाहिलं. "दिसत न्हाय."

"पण हललं असणार."

"व्हय. हललं असणार."

चार फेरे होऊन गेले होते. ओव्हरसिअर दुसरीकडं पाहत राहिले. मथुरा फिरवत राहिली. धुरपदाच्या खांद्यावर पोरगी झोपून गेली होती. शेवटी मथुरेनंच दांडा सोडला, हात पदराला पुसले आणि साहेबांना म्हणाली, "आता उलटे फिरवून देते. होतं तसं."

परतताना पोरगी धुरपदाच्याच खांद्यावर झोपलेली होती. फाट्यावर गाडी लवकर आली. धुरपदा म्हणाली, "बाहेरून दहावीला बसता येतं, मथे. म्या सगळं इचारून कळवते. मी येऊन शिकवीन सुट्टीत."

"कळव," मथुरा म्हणाली. मग पोरीला नीट कडेवर घेत म्हणाली, "आत्याबाईला म्या सांगीन. हे नाही म्हणायचे न्हाईत. आन् नाही म्हणले, तरी तू कळव."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. धुरपदा मागच्या काचेतून पाहत राहिली. मथुरा फाट्यावरच उभी होती, आणि गाडी आधी हळू, मग वेगानं, मग आणखी वेगानं तिच्यापासून लांब जात होती. लोहारा येईपर्यंत धुरपदाला सारखं वाटत होतं, उठावं, घंटीची दोरी ओढावी आणि उतरून उलट चालत जावं. ती बसून राहिली. बाहेर अंधारून येत होतं आणि खांद्यावर जिथं पोरगी झोपली होती तिथं अजून ऊब होती.